आडनाव काय तुमचं?

(पालेगाव, अंबरनाथ येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही विषय दिलात 'साहित्यिक चळवळी, कथनप्रकार आणि त्यांचा सांस्कृतिक संदर्भ'. नाव ऐकूनच निम्मी पोरं मागच्या दाराने पळाली असतील. जी उरलीत त्यांना सांगतो, घाबरू नका. हा विषय काही प्राध्यापकांची वडिलोपार्जित इस्टेट नाही. ज्याच्या आज्याने जात्यावरची ओवी ऐकली, ज्याच्या बापाने रात्रभर बसून जलसा पाहिला, त्याचा या विषयावर पहिला हक्क आहे.

सुरुवात पालेगावातूनच करू. गेल्या काही वर्षांत इथे उंच इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून माणूस कल्याणच्या पुढे सरकतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत सरकतच राहतो. आपल्यातलाच एक पोरगा अशाच एका इमारतीत भाड्याने जागा बघायला गेला. एजंट भला माणूस. पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, स्टेशनला रिक्षा कुठून मिळते ते सांगितलं, डिपॉझिट ठरलं. निघता निघता दारात त्याने सहज विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात? आडनाव?" पोराने सांगितलं. "बरं, मालकाला विचारून कळवतो." तो मालक अजून सापडलेला नाही.

तुम्ही हसलात. म्हणजे गोष्ट तुम्हाला आधीच माहीत होती. मी 'सहज विचारलं' इथे थांबलो असतो तरी पुढचं तुम्ही सांगितलं असतंत. आपल्या गोष्टींचे शेवट जातीने आधीच लिहून ठेवलेत. मग सांगणाऱ्याच्या हातात काय उरतं? कसं सांगायचं, एवढंच उरतं. कुठून सुरू करायचं, काय लपवायचं, कुणाच्या तोंडाने बोलायचं, कुणाला ऐकवायचं. ह्या 'कसं'लाच पुस्तकी भाषेत कथनप्रकार म्हणतात.

आज माझं म्हणणं एवढंच आहे : आपल्याला पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न विचारला गेलाय. तू कोण? कुणाचा? आडनाव काय? दर पिढीने या प्रश्नाला वेगळ्या तऱ्हेने तोंड दिलं, आणि ती तोंड द्यायची तऱ्हा म्हणजेच त्या पिढीचा वाङ्मयप्रकार. निबंध, जलसा, कथा, कविता, आत्मकथन ही फळीवर मांडलेली भांडी नव्हेत, की आज यात ओतलं, उद्या त्यात. जशी वेळ आली तसं भांडं लोकांनी घडवलं. कुणी घडवलं, कुणासाठी घडवलं, हे पाहणं म्हणजे सांस्कृतिक संदर्भ पाहणं. बाकी सगळा परीक्षेचा माल.

परीक्षेचंही बोलू, कारण तुमच्यातले बरेच जण मराठी घेऊन बी. ए., एम. ए. करताहेत. प्रश्नपत्रिकेची तऱ्हा बघा. मर्ढेकर आले की विचारतात, प्रतिमासृष्टी स्पष्ट करा. नवकथा आली की रचना, शैली, तंत्र. आणि आपलं पुस्तक आलं की? 'अमुक आत्मकथनातील दलित जीवनाचे चित्रण विशद करा.' चित्रण! म्हणजे कला त्यांच्याकडे आणि माहिती आपल्याकडे. ते लिहितात, आपण साक्ष देतो. ही साहित्यातली गावकी आणि महारकी आहे. गावाने कारागिरी करावी, महाराने वर्दी द्यावी. आपल्याला अभ्यासक्रमात घेतलं म्हणून आपण पेढे वाटले, पण वेशीबाहेरची जागा तशीच राहिली.

आणि दोष त्यांच्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. आपणही आपल्या पुस्तकांचं कौतुक करतो ते कसं? 'भयाण वास्तव', 'अंगावर काटा येतो', 'दाहक अनुभव'. संपलं. लेखकाने त्या अनुभवाची मांडणी करण्यासाठी डोकं किती खाजवलं असेल, याबद्दल अवाक्षर नाही. जणू आपला माणूस रडला आणि कागदावर आपोआप पुस्तक उमटलं.

तेव्हा आता क्रमाने बघू.

१८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या पत्रात एक निबंध छापून आला. विषय मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. शाळेत मास्तर पोरांना निबंध लिहायला सांगतात, तोच हा प्रकार. पण या पोरीने त्या शाळकरी साच्यात थेट धर्माचाच हिशेब मांडला : वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता? 'तू कोण?' या प्रश्नाला तिने प्रश्नानेच उत्तर दिलं. पुढे १८८८ साली गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं, तेही प्रश्नांच्या रूपात. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला हा माणूस उच्चवर्णीयांना एकामागून एक प्रश्न टाकतो आणि उत्तर मागतो. म्हणजे आपल्या लेखनाची सुरुवातच सवालाने झाली. रडगाण्याने झाली नाही, हे लक्षात ठेवा.

पण निबंध वाचणार कोण? ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना अक्षरओळख नाही. मग छापील कागद सोडून उभं राहावं लागलं. इथे जलसा येतो.

तमाशाचा साचा तुम्हाला माहीत आहे : गण, गवळण, बतावणी, लावणी, वग. तमाशा रंगवणारे बहुतेक आपलेच, महार आणि मांग. पुढे बसून शिट्या मारणारे गावचे. आधी सत्यशोधकांनी हा साचा हातात घेतला, मग आंबेडकरी जलशांनी. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. साचा तोच ठेवला आणि आतली हाडं बदलली. गणपतीच्या जागी वंदन दुसऱ्याला गेलं. गवळणीतली थट्टामस्करी गेली, बाई नाचवणं गेलं. वगातले राजा-प्रधान गेले आणि त्यांच्या जागी शिकलेला तरुण आणि मेलेलं ढोर ओढायची चाल न सोडणारा म्हातारा समोरासमोर आले. शाळेत का जायचं, वतन का सोडायचं, सभेला का जायचं, हे सवाल-जवाबात चाललं. आता बघा, सवाल-जवाब हा तमाशातला जुना प्रकार. तोच आपल्या कामाला आला, कारण आपल्याला उत्तर द्यायची सवय लावायची होती. एकटा माणूस पाटलासमोर उत्तर देऊ शकत नव्हता. कंदिलाच्या उजेडात, डफावर थाप पडली की दहा माणसं मिळून उत्तर देत होती. जलशात 'मी' नाही. उत्तर देणारा 'आम्ही' आहे, आणि ऐकणाराही आपणच आहोत.

दुसऱ्या बाजूला अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचं लोकनाट्य झालं ते गिरणगावात, कामगारांसमोर. पुढे १९५८ च्या मार्च महिन्यात मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन याच अण्णाभाऊंनी केलं. आणि १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. आज अण्णाभाऊ तुमचे की आमचे, यावर भांडणारे दोन्हीकडे आहेत. त्यांनी एकदा ही अर्पणपत्रिका उघडून बघावी.

वामनदादा कर्डकांना वजा करून हा विषय पुरा होत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, मुंबईत कष्ट करणारा, वयात आल्यावर अक्षरं शिकला आणि २००४ साली जाईपर्यंत गात राहिला. त्यांच्या मागे गावोगावी, वस्तीवस्तीत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पार्टीकडे एक वही. त्या वहीबद्दल शेवटी बोलणार आहे, लक्षात ठेवा.

आता कथा. इथे आपण शहरात येतो. शहरात वेस नाही, पाटील नाही, हातात पगार आहे. इथे प्रश्न ओरडून विचारला जात नाही. पालेगावच्या एजंटसारखा 'सहज' विचारला जातो. आणि शहरात उत्तर लपवता येतं. गावात हे शक्य नव्हतं. जात लपवता येणं ही आपल्या इतिहासातली नवी गोष्ट, आणि त्या नव्या गोष्टीतून नवी कथा निघाली.

१९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेत परगावी रेल्वेची नोकरी लागलेला तरुण आहे. राहायला खोली हवी. खोलीसाठी जात सांगायची नाही. मग त्याचा मान वाढतो, लोक जवळ करतात, आणि जितका मान वाढतो तितकी भीती वाढते. शेवटी जात उघडी पडते आणि मार बसतो. आता ही गोष्ट रचनेच्या अंगाने बघा. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथेचं तंत्र शिकवलं होतं : आकर्षक आरंभ, मग गुंतागुंत, मग उकल. त्यांची गुंतागुंत बहुधा प्रेमाची. बागुलांच्या कथेत गुंतागुंत लेखकाने रचायची गरजच नाही, जातीने ती रचून ठेवली आहे. वाचकाचा श्वास अडकतो तो नायिका होकार देते की नाही यासाठी नव्हे, तर घरमालकाला कळतं की नाही यासाठी. आणि कथेच्या नावातला 'चोरली' हा शब्द बघा. स्वतःचीच जात, आणि ती लपवली की चोरी! ह्या एका क्रियापदात आख्खी समाजव्यवस्था उभी आहे. हे चित्रण नव्हे मास्तर, ही रचना आहे.

त्याच १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. मोठं पुस्तक, मराठी कादंबरीची चाल बदलणारं. त्याबद्दल वाद नाही. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, बापाचे पैसे उडवतो आणि जगण्याला अर्थ काय म्हणून पोखरत जातो. त्याला अर्थ सापडत नाही, पण राहायला जागा मिळते. बागुलांच्या माणसाला अर्थ शोधायला फुरसत नाही, कारण जागेचाच पत्ता नाही. एकाच वर्षातली, एकाच भाषेतली, खेड्यातून शहराकडे आलेल्या पोरांची ही दोन पुस्तकं. एकाच्या कथनाला भटकायची मोकळीक आहे. दुसऱ्याचं कथन दार ठोठावून थांबलेलं आहे. आकृतिबंध-आकृतिबंध म्हणतात तो असा जागेच्या भाड्यापासून ठरतो.

मग १९७२. लपवणं पुरे झालं. त्याआधीच लिटल मॅगझिनवाल्यांनी प्रस्थापित मासिकांना लाथ मारली होती. 'असो', 'येरू', 'वाचा', 'फक्त' अशी अंकं निघत होती, बंद पडत होती, परत निघत होती. सायक्लोस्टाइल करायची, हातोहात वाटायची. तिकडे तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले. काळ्या लेखकांचं उदाहरण त्यांनी इथल्या पोरांसमोर ठेवलं. आणि १९७२ साली मुंबईत राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार या मंडळींनी दलित पँथर काढली. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा'. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना'त ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन', ज्याने सगळा पांढरपेशा महाराष्ट्र अंगावर घेतला.

'गोलपिठा'तली कविता 'आडनाव काय?' या प्रश्नाला उत्तर देतच नाही. विचारणाऱ्याची भाषाच ती हिसकावून घेते. कामाठीपुऱ्यातले शब्द, धंद्यातले शब्द, शिव्या आणि त्याच ओळीत संस्कृत वळणाचे शब्द. शुद्धलेखनवाल्यांना कोश उघडायची पाळी आली, आणि कोशात शब्द नव्हते. पुस्तकाला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. तेंडुलकरांनी ती प्रामाणिकपणे लिहिली, यात शंका नाही. पण प्रस्तावना हा प्रकारच तपासायला पाहिजे. १८४५ साली अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाने आपली कहाणी छापली. मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेली' असं छापावं लागलं आणि पुढे गोऱ्या पुढाऱ्यांची प्रस्तावना जोडावी लागली, कारण काळा माणूस लिहू शकतो यावर विश्वास बसायला जामीनदार हवा होता. भाड्याच्या जागेला हवा असतो तसा! तेव्हा आपलं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी बघा, जामीन कोण राहिलंय. प्रस्तावना कुणाची, प्रकाशक कोण, पाठीमागचा मजकूर कुणाचा. पुस्तक त्याने लहान होत नाही, पण ते कुठल्या दारातून आत आलं ते कळतं.

१९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली. त्याच १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. आता पूर्ण नाव सांगायची वेळ आली होती, आणि पूर्ण नाव एकच नव्हतं, हीच तर गोम होती. 'बलुत्या'त सांगणारा आहे दगडू मारुती पवार, आणि ऐकून लिहिणारा दया पवार. माणूस एकच. दगडू गावकुसाबाहेरचा, दया शहरातला, नोकरीतला, कवी म्हणून ओळखला जाणारा. एक नाव ऑफिसातलं, एक महारवाड्यातलं. बरं, आडनाव 'पवार'. त्याने विचारणाऱ्याचं भागत नाही, तो पुढे विचारतो, 'कुठले पवार?' पांढरपेशा आत्मचरित्रात लेखकाला आपण कोण हे पहिल्या पानापासून माहीत असतं : अमक्या घराण्यात जन्म, तमक्या साली मॅट्रिक. इथे माणूस स्वतःलाच समोर बसवून बोलतं करतो. म्हणून आपण 'आत्मचरित्र' हा शब्द सोडून 'आत्मकथन' म्हणू लागलो. चरित्र झालेल्या मोठेपणाचं असतं. कथन अजून चालू असलेल्या जगण्याचं असतं, आणि त्याला समोर ऐकणारा लागतो.

पुढे रांगच लागली. १९७९ साली प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी', १९८० साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', १९८४ साली शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी', १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. ही नावं परत वाचा. उपरा, अक्करमाशी, उचल्या. गावाने ज्या नावाने हिणवलं तेच नाव पुस्तकावर, पुढे लेखकाचं पूर्ण नाव. 'अक्करमाशी'त तर शाळेच्या दाखल्यातला बापाच्या नावाचा रकाना हाच पुस्तकाचा कणा आहे. बाप पाटील, आई महार, मग रकान्यात काय भरायचं? सरकारी फॉर्मातला एक रिकामा रकाना आत्मकथनाला जन्म देतो. हा सांस्कृतिक संदर्भ, मित्रांनो, आणि तो शाळेच्या रजिस्टरात सापडतो.

आता आपल्या घरात येऊ. प्रश्न फक्त बाहेरचे विचारतात असं समजू नका. आपल्या सभेत बाई उभी राहिली की आपण विचारतो, 'कुणाची कोण?' अमक्याची बायको, तमक्याची बहीण. बाईला विचारायचा आडनावाचा प्रश्न हा असा. बेबीताई कांबळे फलटणच्या. त्यांनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून लिहिलं. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात येऊ लागलं, १९८६ साली पुस्तक झालं. पुरुषांच्या पुस्तकाचं नाव 'उपरा', एका माणसाचं. बाईच्या पुस्तकाचं नाव 'आमुचं'. त्यात त्यांच्या स्वतःच्या आयुष्याइतकाच आख्खा महारवाडा आहे, आणि आपल्याच पुरुषांनी बायकांवर गाजवलेली सत्ता आहे. जलशातला तो 'आम्ही' परत आला, पण या वेळी त्यात सासुरवाशीण आहे. शांताबाई कांबळे शिक्षिका. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा'. ज्या बाईंनी पोरांच्या पाट्यांवरची अक्षरं दुरुस्त केली, त्यांनी आपल्या पुस्तकावर 'माझ्या जन्माची' असं लिहिलं नाही. ही चूक नव्हे, निवड आहे. आणि १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. त्या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना शोधत फिरल्या, त्यांच्याशी बोलल्या, लिहून घेतलं. हे संशोधन कुठल्या विद्यापीठाच्या आदेशावरून झालं नाही. दोन बायकांनी उठून केलं. अभ्यास म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा माझ्याकडे नाही.

आणखी एक कडू गोळी. आपल्यातही विचारतात, 'आपल्यातला म्हणजे कोणता?' महार की मांग की चांभार की ढोर? बौद्ध म्हणवतो आणि सोयरीक जुळवताना जुनं रजिस्टर उघडतो. पुस्तकांच्या याद्या करताना आपल्याच पोटजातीची नावं आधी लिहितो. हे थांबलं नाही तर त्या एजंटला शिव्या द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

आज काय चाललंय? आत्मकथनाचा साचा झालाय. पहिलं प्रकरण भूक, दुसरं शाळा, तिसरं अपमान, चौथं नोकरी, शेवटी बाबासाहेबांचे उपकार. नव्या पोराने लिहिलं की संपादक विचारतो, 'अजून थोडं दुःख घाला'. इमारतीत वाढलेला, कॉम्प्युटरवर काम करणारा आपला पोरगा आज्याची भूक उसनी आणून लिहितो, आणि स्वतःला विचारलेला 'आडनाव?' हा प्रश्न मात्र किरकोळ म्हणून सोडून देतो. अरे, तोच तर तुझा माल आहे! बागुलांनी खोलीची कथा लिहिली, तुझी कथा डिपॉझिटची असेल, लग्नाच्या साइटवरच्या रकान्याची असेल. प्रकार बदलायची हिंमत दाखवा. नागराज मंजुळेंच्या २०१३ च्या 'फँड्री'त जब्या शेवटी दगड भिरकावतो तो पडद्यातून सरळ आपल्या तोंडावर येतो. सिनेमा बघणाराही गावातल्या बघ्यांपैकीच एक आहे, हे त्या एका दगडाने सांगितलं. नवं माध्यम हातात आलं, तर त्याने त्यातली नवी तऱ्हा शोधली.

आता ती वही. अंबरनाथचं शिवमंदिर इथून काही लांब नाही. १०६० सालचं. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजाचं नाव आहे. दगड वाहणाऱ्यांची नावं कुणी कोरली नाहीत. कोरेगावच्या खांबावर '-नाक' शेवट असलेली आपली नावं कोरलेली सापडतात, म्हणून आपण दरवर्षी तिथे जातो. नाव कोरलेलं असलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि घरात काय करतो? उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांतून किती गायन पार्ट्या होऊन गेल्या असतील. त्यांच्या वह्या ट्रंकेत आहेत. पहिल्या ओळीवर 'चाल :' असं लिहून सिनेमातलं गाणं नोंदवलेलं. खाली निळ्या शाईत भीमगीत. कोपऱ्यात वर्गणीचा हिशेब. चाळ पाडली, टॉवरमध्ये गेलो, नव्या घरात अडगळ नको म्हणून ट्रंक रद्दीवाल्याला. रद्दीवाला वामनदादांची चाल बघत नाही, वजन बघतो. आपला वाङ्मयेतिहास किलोवर चाललाय.

म्हणून या वर्गाला माझं काम सांगतो. पुढच्या बैठकीला निबंध आणू नका. प्रत्येकाने एका घरात जायचं आणि एक वही शोधायची. वही मागून न्यायची नाही, तिथेच बसून मोबाइलवर पानापानाचे फोटो घ्यायचे आणि वही ज्याची त्याला परत. शुद्धलेखन दुरुस्त करायचं नाही. गाणारा हयात असेल तर चाल गाऊन घ्यायची आणि रेकॉर्ड करायची. घरातल्या म्हातारीला वेगळं बसून विचारायचं, कारण पुरुष समोर असला की ती बोलणार नाही. आणि प्रत्येक गाण्यापुढे पाच गोष्टी लिहायच्या : कुणी रचलं. कुणासमोर गायलं. चाल कुठून घेतली आणि तीच का घेतली. पैसे कुणी दिले. कुठला शब्द कुणी बदलायला लावला. एवढं पन्नास गाण्यांचं झालं की मग वर्गात बसू आणि वाङ्मयप्रकार या शब्दाची व्याख्या करू. आपली व्याख्या. ती झाल्यावर फडके वाचू, मर्ढेकर वाचू, सगळं वाचू. वाचनाशी आपलं भांडण नाही.

तो पोरगा आज इथे बसलाय. नाव घेत नाही, त्याला नको आहे. त्याने मला विचारलं, पुढच्या वेळी आडनाव विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, खरं सांग. सांगून झालं की त्यालाही विचार, 'आणि तुम्ही हे विचारता ते कुणाच्या सांगण्यावरून?' मग तो काय उत्तर देतो, कसा चाचरतो, डोळे कुठे वळवतो, सगळं घरी येऊन लिहून काढ. मुक्ता साळवेने शाळेत जे केलं तेच तू एजंटच्या दारात करायचंस.

लिहिलेलं पुढच्या बैठकीत आण. आपण ऐकू. जागा मिळेल न मिळेल, गोष्ट तरी आपल्या हातात राहील.

जय भीम.